पाठीवरची खूण

ऐतिहासिक रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसास वाचक बहुधा एकच प्रश्न विचारतात. ज्या घटनेचा शेवट शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतो, तिच्यात रहस्य उरते तरी कोठे? या प्रश्नाचे उत्तर मी पुष्कळ दिवस एका प्रकरणाच्या संगतीने शोधीत आलो आहे. ते प्रकरण सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचे.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणात भाऊसाहेब गर्दीत शिरले आणि दिसेनासे झाले. मोती आणि मोहरा यांच्या सांकेतिक भाषेत लिहिलेल्या सावकारी पत्राने ती वार्ता नानासाहेब पेशव्यांपर्यंत पोहोचविली खरी. पण संकेताचा शब्द कितीही स्पष्ट असला तरी तो डोळ्यांनी पाहिलेला देह नव्हे, आणि जेथे देह पाहिला गेला नाही तेथे आशेला राहावयास जागा मिळते. त्या जागेत पुढे सुखनिधान नावाचा एक कनोजा ब्राह्मण येऊन उभा राहिला आणि मीच भाऊ असे म्हणू लागला. थोरल्या माधवरावांनी चौकशी करून त्यास तोतया ठरविले आणि कैदेत टाकले. येथे प्रकरण संपावयास हवे होते. परंतु १७७६ मध्ये रत्नागिरीचे सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनी, ज्याच्यावर पहारा ठेवावयाचा त्या कैद्यालाच धनी मानून मोकळे केले, आणि पाहता पाहता कोकणातील किल्ल्यांमागून किल्ले त्याच्या हाती गेले. महादजी शिंद्यांच्या फौजेपुढे त्याचा मोड झाला, रघोजी आंगऱ्यांनी त्यास पकडले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यास त्याला देहान्त शिक्षा झाली.

एवढा इतिहास कोणीही वाचू शकतो. आता रहस्यकथा लिहू पाहणाऱ्याने त्यातील एका खुणेकडे पाहावे. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराज पंडिताने १७८० मध्ये पानिपतचा फारसी वृत्तान्त लिहिला. रणांगणावर सापडलेले शिरविरहित प्रेत भाऊंचे असल्याची ओळख शरीरावरील खुणांवरून कशी पटली, हे तो सांगतो. त्या खुणांमध्ये मांडीवर रुपयाएवढा काळा डाग आहे, आणि पाठीवर एका जुन्या जखमेचा व्रण आहे: पानिपतापूर्वी मुजफरखानाने भाऊंवर कट्यार चालविली होती, तिचा. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. तोतयाच्या अंगावरचा अंगरखा उतरवा, त्याची पाठ दिव्याकडे वळवा, की खटला संपला, असे मला वाटले, आणि त्याच उत्साहात एक संपूर्ण प्रकरण मी लिहून काढले. त्यात चौकशी करणारा कारभारी पाठीवरच्या खुणेचा उल्लेख करतो, मांडीवरच्या डागाचा करतो, आणि पानिपतच्या प्रेताशी त्यांचा ताळा जमवून पाहतो.

ते प्रकरण मी पुढे फाडून टाकले. काशिराजाने लिहिले ते तोतयाच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. माझा कारभारी मात्र ते १७७६ मध्येच वाचून बसला होता. कथेत पेशवाईतल्या माणसाच्या हातात आगकाडी आली तर चाणाक्ष वाचक ती चटकन ओळखतो, आणि लेखक तिच्या जागी चकमक आणून दोष सुधारू शकतो; परंतु पात्राच्या डोक्यात नंतरच्या काळचे ज्ञान शिरले तर ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि सगळी कथा आतून पोकळ होते. माझ्या मते या साहित्यप्रकारातला सर्वांत मोठा अपराध हाच आहे. पाठीवरचा व्रण वापरावयाचा असेल तर तो पुण्यातल्याच कोणाच्या तरी डोळ्यांनी पाहिलेला असला पाहिजे. भाऊंना स्नान घालणारा खिजमतगार, जखम बांधणारा वैद्य, किंवा पत्नी, एवढेच साक्षीदार मला उपलब्ध आहेत, आणि त्यांच्या स्मरणावर पंधरा वर्षांचा थर बसला आहे.

येथपासून कथा खरोखर सुरू होते. कारण त्या काळी पुरावा म्हणजे काय, हे समजून घेतल्याखेरीज त्या काळच्या अपराधाची कथा लिहिताच येत नाही. वादी-प्रतिवादींच्या तक्रिरी घेतल्या जात, जामीन घेतले जात, साक्षीदारांना बेलभंडार उचलावयास लावून सत्याची शपथ घालीत, आणि साक्षीपुराव्याने निवाडा होईना तर दिव्याची पाळी येई. रवादिव्याचे वर्णन वाचताना मी थरारून जातो: कढत तेलातून धातूचा तुकडा हाताने उचलावयाचा, मग तो हात पिशवीत घालून वर मोहर करावयाची, आणि ठरल्या दिवशी मोहर फोडून सर्वांसमक्ष हात पाहावयाचा. त्या मोहरेतच मला कथेचे बीज दिसते. मोहर शाबूत होती काय, पिशवी रात्री कोणाच्या ताब्यात होती, पहाऱ्यावर कोण होते, हे प्रश्न त्या काळच्या माणसालाही सुचण्याजोगे आहेत, आणि म्हणून ते माझे आहेत.

वेळेचेही तसेच. मिनिटांच्या हिशोबावर निर्दोषत्व सिद्ध करणारा आरोपी पेशवाईत संभवत नाही. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटे, आणि पाण्यात बुडणाऱ्या घटिकापात्राकडे लक्ष ठेवणारा माणूस पेंगला तर तेवढाही हिशोब चुकतो. कागदावरची तारीख पाहावी तर 'छ' या अक्षराने चांद्रतिथी दर्शविलेली, महिना मुसलमानी, वर्ष शुहूर सनाचे आणि तेही अरबी शब्दांत: १७७३ चा पावसाळा म्हणजे सन अर्बा सबैन मया व अलफ. या सनाचा आरंभ मृगात होतो. बनावट पत्र रचणारा परप्रांतीय माणूस मृगापूर्वीच्या पत्रावर नवा सन घालून बसला तर दप्तरातला जुना कारकून त्याला त्या एका शब्दावर पकडील. असा पुरावा हाती लागला म्हणजे मला जो आनंद होतो तो परदेशी कथांतल्या विषाच्या बाटलीने कधी झाला नाही.

आणि शेवट ठाऊक असल्याचा प्रश्न? तोतया खोटा होता, हे वाचकाने पहिल्याच पानावर जाणावे. मला त्याची चिंता नाही. मला शोध हवा आहे तो त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांचा. एक सुभेदार आपली सुभेदारी आणि शिर एका कैद्याच्या शब्दावर का पणास लावतो? त्या वेळी पेशव्यांच्या मसनदीवर दोन वर्षांचे मूल होते, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयास गेले होते, आणि कारभार बारभाईंच्या हाती होता. पानिपतावर हरपलेला कर्ता पुरुष परत यावा असे वाटणारी माणसे त्या राज्यात किती असतील आणि ती कोणत्या पदांवर असतील, हा माझा तपास आहे.

भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पती गेल्याचे कधीच मानले नाही. १७८३ मध्ये देह ठेवीपर्यंत त्या सुवासिनीच्या वेषात राहिल्या. म्हणून माझी कथा मी शिक्षेच्या दिवशी संपवीत नाही. शहरात दवंडी फिरून गेली आहे, खिजमतगार वाड्यात परतला आहे, आणि बाईंनी त्याला आत बोलावून एवढेच विचारले आहे की, तू त्याची पाठ पाहिलीस काय? त्याचे उत्तर मी अद्याप लिहिलेले नाही. बाईंच्या समोर कुंकवाचा करंडा उघडा आहे.