आकडे एक, पाहणारे अनेक
(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात दिलेले भाषण)



आज मला आपणाशी संगणकावरील 'डॅशबोर्ड' या विषयावर बोलावयाचे आहे. पूर्वी घोडागाडीत हाकणाऱ्याच्या पायांपुढे एक फळी असे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल ती अडवी. इंग्रजीत त्या फळीचे हे नाव. पुढे मोटार आली, त्या जागी वेग व इंधन दाखविणारे काटे बसले. आता धंद्याची अथवा कारभाराची स्थिती एका नजरेत दाखविणाऱ्या पडद्याला तेच नाव मिळाले आहे. या पडद्यावर बोट ठेवले की आकड्यामागचा तपशील उलगडतो. परंतु फळीचे मूळ काम विसरता कामा नये. आकड्यांचाही चिखल असतो, आणि तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांत जाऊ न देणे हेच या फलकाचे पहिले काम होय.

ही कल्पना आपणास अगदीच नवी नाही. तलाठ्याच्या दप्तरातील सातबारा आणि आठ-अ हे दोन उतारे पाहा. जमीन तीच, परंतु सातबारा गटाप्रमाणे सांगतो आणि आठ-अ खातेदाराप्रमाणे सांगतो. या गटाचा धनी कोण व पीक कोणते, हे विचारणाऱ्यास पहिला उतारा हवा. या माणसाच्या नावे गावात एकूण जमीन किती, हे विचारणाऱ्यास दुसरा हवा. माहिती एक आणि मांडणी दोन. कारण विचारणारे दोन. चांगल्या फलकाचे सारे शास्त्र या दोन कागदांत आहे.

आता आपल्या जिल्ह्याच्या मुख्य व्यवहाराकडे, म्हणजे धानाकडे येऊ. खरीप 2025-26 साठी केंद्र सरकारने साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलला 2,369 रुपये आणि 'अ' दर्जाच्या धानाचा 2,389 रुपये ठरविला. खरेदी केंद्रावर आलेला धानाचा एक ढीग डोळ्यांपुढे आणा. त्याकडे पाहणारे किमान चौघे आहेत. शेतकऱ्याचा प्रश्न असा, की माझा माल मोजला काय आणि पैसे बँकेत कधी येतील? केंद्र चालविणाऱ्यास बारदाना किती उरला, गोदामात जागा किती, आणि धानाचा ओलावा 17 टक्क्यांच्या मर्यादेत आहे काय, हे पाहावयाचे असते. गिरणीमालकाला किती धान उचलून किती तांदूळ परत द्यावयाचा याचा हिशेब हवा. सरकारी प्रमाण एका क्विंटलला साधा तांदूळ 67 किलो व उकडा 68 किलो असे आहे. आणि जिल्हा कचेरीला सात तालुक्यांपैकी काम कोठे अडले आहे, एवढेच प्रथम कळावयास हवे.

आता या चौघांसाठी एकच पडदा करून त्यावर वीस गोल आणि तीस रंगीत खांब उभे केले, तर काय होईल? तो पाहून पाहुणे वाहवा करतील, आणि शेतकरी पुन्हा केंद्रावर जाऊन रांगेत उभा राहील. म्हणून फलक आखणाऱ्याने लेखणी उचलण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : हा आकडा पाहून कोण, काय ठरविणार आहे? ज्या आकड्याने कोणाचाच निर्णय बदलत नाही, तो कितीही देखणा असला तरी पहिल्या पानावरून काढून टाकावा.

बेन श्नायडरमन या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने 1996 साली एक क्रम सांगितला, तो आजही उपयोगी आहे. आधी समग्र चित्र दाखवावे, मग पाहणाऱ्यास हवे तेवढे जवळ जाऊ द्यावे व नको ते गाळू द्यावे, आणि तपशील मागेल तेव्हाच द्यावा. कचेरीतील अधिकाऱ्यास जिल्हा, मग लाखांदूर तालुका, मग एक केंद्र, अशा पायऱ्या उतरता याव्यात. शेतकऱ्याला मात्र या पायऱ्या नकोत. त्याने आपला क्रमांक घालताच तीन ओळींत उत्तर मिळावे, आणि तेही साध्या मोबाइलवर.

येथे सरासरीविषयी सावध करतो. समजा, दहा शेतकऱ्यांपैकी नऊ जणांना पैसे 10 दिवसांत मिळाले आणि एकाला 110 दिवस लागले. सरासरी येते 20 दिवस. फलकावर 20 हा आकडा हिरव्या रंगात झळकेल. परंतु 20 दिवस तर कोणालाच लागलेले नाहीत! ज्याने मुलीच्या फीसाठी चार महिने सावकाराचे व्याज भरले, तो दहावा माणूस त्या सरासरीत नाहीसा झाला. म्हणून सरासरीच्या शेजारी सर्वांत जास्त खोळंबलेला कोण, हे दाखविलेच पाहिजे. तसेच शून्य आणि कोरी जागा यांत भेद करावा. खरेदी झाली नाही ही एक गोष्ट, आणि माहितीच आली नाही ही दुसरी. आकडा कोणत्या दिवसाचा, हेही त्याच्याजवळ लिहिलेले असावे.

मापाची भाषाही पाहणाऱ्याची असावी. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला आलेला महापूर भंडारा शहराने अनुभवला आहे. धरणातून प्रतिसेकंद किती घनमीटर पाणी सोडले, हा आकडा अभियंत्यास पुरतो. नदीकाठच्या घरातील माणसाला मात्र पाणी आपल्या गल्लीत किती तासांनी आणि कोठवर येईल, हे हवे असते. दोघांना एकच वाक्य ऐकविणे म्हणजे दुसऱ्याला काहीच न सांगणे होय.

आपल्या संस्थेच्या मंडळींना आणखी एक गोष्ट लगेच पटेल. मराठी डावीकडून वाचतात, उर्दू उजवीकडून. मराठी वाचकाची नजर प्रथम वरच्या डाव्या कोपऱ्यात जाते, उर्दू वाचकाची उजव्या. तेव्हा फलक उर्दूत करताना केवळ शब्द बदलून भागत नाही. सारी मांडणी फिरवावी लागते. आकडे मात्र उर्दूतही डावीकडूनच वाचले जातात, हे ध्यानात असू द्यावे. जिल्ह्याची 2011 च्या जनगणनेतील लोकसंख्या 12,00,334 अशीच लिहावी. लाखाचा स्वल्पविराम हलला की आपला वाचक अडखळतो. पुष्कळांना लाल व हिरवा यांतील फरक दिसत नाही. म्हणून धोक्याची सूचना रंगाबरोबर शब्दानेही द्यावी.

शेवटी विश्वासाची गोष्ट. ज्याला जेवढे काम, त्याला तेवढेच दिसावे. केंद्राची एकूण खरेदी सर्वांनी पाहावी. परंतु एखाद्याचे बँक खाते शेजाऱ्याला दिसता कामा नये. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा 2023 साली झाला. तो नसता तरी ही साधी सभ्यताच होती.

विद्यार्थी मित्रहो, हे काम शिकण्यासाठी मोठ्या शहराची वाट पाहू नका. आपल्याच शाळेच्या हजेरीपासून आरंभ करा. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि पालक यांना त्यातून काय ठरवावयाचे आहे, ते प्रत्येकाला विचारा. तीन कागदांवर तीन नकाशे काढा. मग ते त्यांच्या हाती द्या आणि स्वतः गप्प बसा. वाचणारा जेथे थांबला, तेथे दोष त्याच्या शिक्षणाचा नसून तुमच्या आखणीचा आहे, असे समजून तो कागद पुन्हा काढा. ज्या आईला अक्षर कमी येते, तिलाही आपली मुलगी या महिन्यात किती दिवस शाळेत गेली हे कोणाला न विचारता कळले, म्हणजे तुमचा फलक उत्तीर्ण झाला.