तांब्याचा देश आणि हिशेबाची वही



या व्यासपीठावर काल एक प्राध्यापक बोलून गेले आणि उद्या एक निवृत्त न्यायाधीश बोलणार आहेत. मधला दिवस चिटणिसांनी माझ्यासारख्या सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला दिला आहे. अर्थशास्त्र मी कोणत्याही कॉलेजात शिकलो नाही. काही बोनसच्या वाटाघाटींत शिकलो, काही सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा माझ्या बोलण्यात पांडित्य शोधू नये. चूक आढळली तर मात्र जरूर दाखवावी.

विषय दूरच्या देशाचा आहे, पण त्याची सुरुवात एका लहान कारखान्यात झाली. तेथे तांब्याची तार ओढली जाते आणि आमची युनियन तेथे आहे. 2006 साली आम्ही बोनस मागायला गेलो. मालक म्हणाले, "लंडनच्या बाजारात तांबे कडाडले. कच्चा मालच परवडत नाही, बोनस कुठला?" आम्ही परत आलो. 2008 च्या अखेरीस तांबे कोसळले. आम्ही मोठ्या आशेने पुन्हा गेलो. मालक म्हणाले, "महाग घेतलेला माल गोदामात पडून आहे, त्याची किंमत निम्मी झाली. बोनस कुठला?" म्हणजे तांबे चढले तरी आमचे नुकसान आणि उतरले तरी आमचेच! मी म्हणालो, "साहेब, हिशेबाची वही दाखवा." ती वही आजपर्यंत आमच्या दृष्टीस पडलेली नाही.

त्या रात्री मनात आले, की लंडनला तांब्याची खाण तर नाही. मग हे तांबे निघते कुठे, आणि ज्यांच्या हातांनी ते निघते त्यांच्या पदरात काय पडते? शोधता शोधता मी आफ्रिकेतल्या झांबिया या देशापाशी पोहोचलो.

हा देश काँगोच्या दक्षिणेला आहे. चोहोबाजूंनी जमीन, समुद्र कोठेच नाही. उत्तरेच्या सीमेलगत किटवे, न्डोला, मुफुलिरा, लुआन्श्या, चिंगोला अशी गावे आहेत. या भागाला 'कॉपरबेल्ट', म्हणजे तांब्याचा पट्टा म्हणतात. 1920 नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत तेथे मोठ्या खाणी उभ्या राहिल्या. त्या वेळी देशाचे नाव उत्तर ऱ्होडेशिया होते. खाणी दोन बड्या भांडवली गटांच्या हाती होत्या, आणि जमिनीखालच्या खनिजाची रॉयल्टी सेसिल ऱ्होड्सने स्थापलेल्या कंपनीकडे जात असे. जमीन आफ्रिकनांची, घाम आफ्रिकनांचा, आणि रॉयल्टी लंडनच्या कंपनीची, असा तो व्यवहार होता.

1935 साली करवाढीविरुद्ध खाणकामगारांनी संप केला. लुआन्श्याला गोळीबारात सहा माणसे मेली. 1940 साली पुन्हा संप झाला, पुन्हा गोळीबार झाला. तरी माणसे मागे हटली नाहीत. 1949 मध्ये लॉरेन्स कातिलुंगू यांच्या नेतृत्वाखाली आफ्रिकन खाणकामगारांची युनियन उभी राहिली आणि 1955 साली तिने अठ्ठावन्न दिवसांचा संप लढवला. ज्यांनी संप केला आहे त्यांना अठ्ठावन्न दिवस म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. तिसऱ्या आठवड्यात वाणी उधार बंद करतो आणि पाचव्या आठवड्यात घरातली माणसे बोलेनाशी होतात.

24 ऑक्टोबर 1964 रोजी झांबिया स्वतंत्र झाला. केनेथ कौंडा अध्यक्ष झाले. साऱ्या देशात पदवीधर झांबियन अवघे शंभराच्या आसपास होते. तांबे मात्र जगातल्या पहिल्या काही देशांत गणना व्हावी इतके. 1969 साली उत्पादन सात लाख टनांच्या वर गेले. त्याच वर्षी कौंडांनी खाणींचे एकावन्न टक्के भाग सरकारकडे घेण्याची घोषणा केली.

माझ्यासारख्या माणसाला ही बातमी वाचून आनंद व्हावा हे स्वाभाविक आहे. मालकाच्या जागी सरकार आले की कामगाराचे दैन्य संपले, असे मी स्वतः अनेक गेटसभांतून सांगितले आहे. आणि पहिली काही वर्षे चित्र तसे होतेही. खाणींनी इस्पितळे चालवली, शाळा चालवल्या, कामगारांना घरे दिली, फुटबॉलचे संघ पोसले. परंतु सप्टेंबर 1970 मध्ये मुफुलिराच्या खाणीत वरचा गाळ आत कोसळला आणि 89 कामगार गाडले गेले. मालकाचे नाव बदलले म्हणून छत आपोआप भक्कम होत नाही, हे त्या दिवशी दिसले.

पुढचे संकट बाजारातून आले. देशाच्या निर्यातीत शंभरातले नव्वदाहून अधिक रुपये एकट्या तांब्याचे होते. 1973 साली तेल महागले. त्याच साली दक्षिणेची सीमा बंद झाली आणि समुद्राकडे जाणारी जुनी वाट तुटली. चीनने टांझानियाच्या दारेसलाम बंदरापर्यंत सुमारे 1860 किलोमीटरचा लोहमार्ग बांधून दिला, पण तोवर तांब्याचाच भाव गेला होता. 1974 च्या उन्हाळ्याआधी शिखरावर असलेला भाव वर्षअखेरीस निम्म्याखाली आला. भाव पुन्हा चढेल या भरवशावर सरकारने कर्ज काढले. भाव चढला नाही, व्याज चढले. ज्याचे सारे शेत एकाच पिकाचे, त्याची ही गत होते. खाणींतली यंत्रे जुनी झाली, नवी घ्यायला पैसा उरला नाही. कारण खाणीतून येणारा पैसा सरकारचा सारा संसार चालवण्यात खर्च होत होता. तो कशावर किती खर्च झाला, हे खाणीतल्या माणसाला कोणी सांगितले नाही.

आपल्याकडे जशी भाकरी, तशी तिकडे मक्याच्या पिठाची न्शिमा. 1986 च्या डिसेंबरात सावकार देशांच्या अटीपायी पिठावरची सवलत काढली गेली. भाव दुपटीवर गेला आणि त्याच तांब्याच्या पट्ट्यात दंगली उसळल्या, माणसे मेली.

आता मी ज्या प्रसंगाकडे येतो तो सांगताना मला थोडा संकोच वाटतो. फ्रेडरिक चिलुबा हे एका यंत्रकंपनीत कारकून होते. कामगार चळवळीत शिरले आणि झांबियाच्या कामगार संघटनांच्या महासंघाचे अध्यक्ष झाले. 1981 साली कौंडांनी त्यांना चौकशीवाचून तुरुंगात ठेवले. 1991 च्या निवडणुकीत याच चिलुबांनी कौंडांचा पराभव केला. युनियनचा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला! आणि त्याच राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीत खाणींचे तुकडे पाडून 1997 ते 2000 या काळात त्या विकल्या गेल्या. निम्म्याहून अधिक कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. राहती घरे कामगारांनाच विकण्यात आली. घर मिळाले, पण घर चालवणारा पगार गेला.

चिलुबांवर पुढे भ्रष्टाचाराचे आरोप झाले. 2007 साली लंडनच्या न्यायालयात निकाल त्यांच्याविरुद्ध गेला, 2009 साली मायदेशी ते निर्दोष ठरले. पण माझा मुद्दा तो नाही. क्षणभर धरून चाला की ते धुतल्या तांदळासारखे होते. तरीही काय झाले असते? तिजोरी रिकामी, कर्ज डोक्यावर, तांब्याचा भाव पडलेला. गरजू विकणारा आणि निवांत घेणारा यांच्यात सौदा कसा होतो, ते आपण बाजारात रोज पाहतो.

सौदा कसा झाला ऐका. मोठ्या खाणींना रॉयल्टी ठरली शेकडा 0.6. म्हणजे शंभर रुपयांच्या तांब्यामागे साठ पैसे! वर करसवलती, आणि हे करार गुप्त. 2004 साली कोंकोला येथील खाणींचा मोठा हिस्सा वेदान्त कंपनीने घेतला. तिचे प्रमुख अनिल अगरवाल यांनी आपल्याच मुंबईत भंगाराच्या व्यापारापासून सुरुवात केलेली. तांब्याचा भाव 2002 च्या सुमारास टनाला दीड हजार डॉलर होता, तो 2006 साली आठ हजारांच्या वर गेला. भाव पाचपट झाला, पण सरकारच्या पदरात पडायचे ते साठच पैसे. 2008 साली सरकारने करार मोडून रॉयल्टी वाढवली आणि चढ्या भावावर खास कर बसवला. त्या वर्षाच्या अखेरीस भाव पडताच 2009 मध्ये तो कर मागे घेतला गेला. 2014 साली अगरवाल यांनी बंगळूरच्या एका सभेत सांगितले, की अडीच कोटी डॉलरला घेतलेली ही खाण दरवर्षी किमान पन्नास कोटी डॉलर देते. ते भाषण झांबियात पोहोचले आणि गहजब झाला. त्या शब्दांचा नेमका अर्थ काय, यावर वाद झाले. मला मात्र आमच्या मालकांची वही आठवली.

पुढे खाणी पुन्हा फिरल्या. कोंकोला 2019 साली सरकारने अवसायकाच्या हाती दिली, नंतर ती वेदान्तकडेच परत गेली. मोपानी ही दुसरी मोठी खाण 2021 साली सरकारने दीड अब्ज डॉलरच्या कर्जासह घेतली. 2024 मध्ये तिचे एकावन्न टक्के अबुधाबीच्या कंपनीला दिले. मधल्या काळात, 2020 च्या नोव्हेंबरात, देशाला परकीय रोख्यांचे व्याज भरता आले नाही. 2022 च्या पाहणीत शंभरातले साठ लोक दारिद्र्यरेषेखाली आढळले. आज विजेच्या गाड्यांसाठी तांब्याला मागणी आहे आणि वर्षाला तीस लाख टन काढण्याचे स्वप्न सरकार पाहत आहे. दरम्यान फेब्रुवारी 2025 मध्ये एका चिनी कंपनीच्या खाणीवरचा बांध फुटला आणि आम्लयुक्त पाणी काफुए नदीच्या खोऱ्यात शिरले. ज्या नदीचे पाणी लक्षावधी लोक पितात ती ही नदी.

मग मी इतकी वर्षे सांगत आलो ते खोटे का? सरकारी मालकी नको, असे मी म्हणणार नाही. सरकारी खाणींनी बांधलेल्या इस्पितळांत पोरे जगली, हे मी विसरू इच्छित नाही. पण मी एक गोष्ट सांगायची विसरलो होतो. मालक परका असो, सरकार असो की आपल्यातलाच पुढारी असो, माल किती निघाला, कोणत्या भावाने गेला, कर किती भरला, दुरुस्तीला किती ठेवले आणि नदीत काय सोडले, या पाच प्रश्नांची उत्तरे खाली काम करणाऱ्याला मिळत नसतील, तर मालक बदलूनही त्याचे दैव बदलत नाही.

हे अशक्य आहे असे नाही. कंपन्यांनी सरकारला किती दिले आणि सरकारला किती पोहोचले, हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापण्याच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात झांबिया सामील आहे. चिंगोलाजवळच्या गावकऱ्यांनी दूषित पाण्याबद्दल वेदान्तवर थेट इंग्लंडमध्ये दावा लावला, आणि तो तेथे चालवता येईल असा निर्णय 2019 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला. 2021 साली ते प्रकरण तडजोडीने मिटले. शेतकरी माणसे होती, वकिलाला द्यायला पैसे नव्हते. पण प्रश्न विचारणे त्यांनी सोडले नाही.

आपल्या प्रत्येकाच्या घरी तांब्याचे एखादे भांडे असेल, भिंतीतून तांब्याची तार गेली असेल. ते कोठून आले हे आपण विचारत नाही, तसे मीही कधी विचारले नव्हते. येत्या दिवाळीपूर्वी आम्ही पुन्हा बोनस मागायला जाणार आहोत. या वेळी मागणीपत्रात बोनस दुसऱ्या क्रमांकावर आहे. पहिल्या क्रमांकावर हिशेबाची वही आहे.