तळ्यातले मीठ आणि खारेपाटातला जिताडा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मघापासून बांध, उघाड्या आणि गेलेल्या खांडी यांवर बोलणे झाले. ते योग्यच आहे. बाहेरकाठा शाबूत नसेल तर खारेपाटात बाकीचे बोलणे फुकट. पण ज्यांच्या घरामागे तळे आहे आणि त्यात जिताडा किंवा रोहू-कटला सोडला आहे, त्यांच्याशी मला थोडे बोलायचे आहे. बीज विकणारा किती बोटुकल्या सोडायच्या ते सांगतो, खाद्य विकणारा किती पोती लागतील ते सांगतो. तळ्याच्या पाण्यात मीठ किती आणि ते तापते किती, हे मात्र कोणी विचारत नाही. पैसे बुडतात ते नेमके तिथे.

माशाच्या रक्तात लिटरला साधारण नऊ-दहा ग्रॅम मीठ असते. समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम, गोड्या पाण्यात जवळजवळ नाहीच. पाण्यात टाकलेली मनुका फुगते आणि मीठ लावलेली कैरी पाणी सोडते, हे आपल्या मायभगिनींना सांगायला नको. माशाचे तसेच. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात पाणी सारखे शिरते. ते तो लघवीवाटे बाहेर टाकतो आणि मीठ कल्ल्यांनी पुन्हा ओढून घेतो. खाऱ्या पाण्यात उलटे. अंगातले पाणी निघून जाते, म्हणून मासा खारे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर फेकतो. हे काम रात्रंदिवस चालते आणि त्याची मजुरी तुम्ही टाकलेल्या खाद्यातून जाते. मजुरी वाढली की मांस कमी चढते. मासा मरत नाही, दिसतोही बरा, पण काट्यावर भरत नाही.

रोहू, कटला, मृगळ हे नदीचे मासे. लिटरला दोन-तीन ग्रॅम मीठ ते सोसतात. पाचाच्या पुढे वाढ खुंटते. जिताड्याची जात वेगळी. तो अंडी घालतो खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात. पिल्ले वर येतात आणि गोड्या पाण्यातही वाढतात. म्हणून तर पेण-अलिबागकडे घरोघरच्या तळ्यांत तो पोसला गेला. पूर्वी पिल्ले खाडीतूनच धरावी लागत. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ साली त्याचे प्रजनन करून दाखवले, तेव्हापासून केंद्रात तयार झालेले बीजही मिळू लागले. पण जिताडा सगळे पाणी सोसतो म्हणजे तासाभरात सोसतो असे नव्हे. कल्ल्यांना आपले काम उलटे फिरवायला काही दिवस लागतात. खाऱ्या पाण्यातले बीज पिशवी फोडून थेट गोड्या तळ्यात ओतू नका. टाकीत ठेवा, रोज थोडे थोडे गोडे पाणी मिसळा.

आता उन्हाचे. माशाला स्वतःची ऊब नाही, पाणी तापेल तसे त्याचे अंग तापते. २६ ते ३२ अंशांत तो खातो आणि वाढतो. थंडीत पाणी उतरले की खाणे कमी करतो, आपण मात्र ठरलेली टोपली टाकतच राहतो. ते कुजते आणि पाणी नासते. उन्हाळ्यात उलट अडचण. पाणी दहा अंशांनी तापले की माशाची प्राणवायूची गरज जवळपास दुप्पट होते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू मावतो कमी. गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसात. आणि तेच पाणी समुद्राइतके खारे असेल तर सहाच्या जरा वर. म्हणजे मे महिन्यात आटलेल्या, खारावलेल्या तळ्यात दोन्हीकडून मार बसतो. पहाटे मासे तोंड वर काढू लागले तर त्या दिवशी खाद्य बंद ठेवा आणि पंपाने पाणी उंचावरून पाडा.

पहिला वळीव पडला की गोडे पाणी वर राहते, जड खारे पाणी तळाशी कोंडते आणि तिथली हवा संपते. निमखाऱ्या तळ्यात तेव्हा वरचे पाणी वाहू द्यावे.

मासळी परवडते, मग शेती खाडीत जाऊ द्या, असा शहाणपणा सांगणारे भेटतील. त्यांचे ऐकू नका. जिताडा भाताच्या जोडीला आहे, भाताच्या जागी नाही.

गावाने मिळून एक क्षारमापक आणि एक थर्मामीटर घ्यावा. दर आठवड्याला, आणि प्रत्येक उधाणाच्या आधी व नंतर, आकडा वहीत लिहावा. ऊन लागून पाणी आटते तेव्हा मीठ हळूहळू वाढते. उधाणानंतर एका रात्रीत वाढले तर बांध गळतो आहे. कचेरीत बांध धड असल्याचे सांगतील, तेव्हा तारखेवार लिहिलेली ही वही टेबलावर ठेवता येईल.