शोधाचे पहिले गिऱ्हाईक
(तंत्रशिक्षक आणि लघुउद्योजकांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



नवे शोध आणि तरुणांचा रोजगार हा विषय अधिवेशनासाठी निवडून तुम्ही अध्यक्षाची पंचाईत केली आहे. ज्या विषयावर मंत्र्यांपासून महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनातल्या पाहुण्यांपर्यंत सर्वांचे एकमत असते, त्याचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. 'नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा' हे वाक्य ऐकून टाळ्या वाजतात आणि सभा संपते. माझा या उपायावर विश्वास आहे. पण तो आज ज्या स्वरूपात सांगितला जातो, त्या स्वरूपात तो लागू पडणार नाही असेही माझे मत आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असू शकतात, ते सांगण्याचा आज प्रयत्न करतो.

आधी दुखणे नीट पाहू. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांनी २०२४ मध्ये भारतातील रोजगाराविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२ साली देशातल्या एकूण बेरोजगारांपैकी सुमारे ८३ टक्के तरुण होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेरोजगारीचे प्रमाण ३.४ टक्के होते आणि पदवीधरांत २९.१ टक्के. शिक्षणाने माणूस निकामी होतो असा याचा अर्थ कुणी काढू नये. निरक्षराला रिकामे बसणे परवडत नाही, मिळेल ते काम तो धरतो. पदवीधर थांबतो, कारण घरच्यांनी त्याच्या पदवीवर पैसा घातलेला असतो आणि त्या पदवीच्या मोलाचे काम जवळपास दिसत नाही. २०२४ च्या महाराष्ट्र पोलीस भरतीत साडेसतरा हजारांच्या आतबाहेर जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे शंभर उमेदवार. त्यांत अभियांत्रिकीचे आणि पदव्युत्तर शिक्षण घेतलेलेही होते. आपल्याकडे शिकलेल्या हातांची संख्या वाढली, त्या हातांना लागेल असे काम त्या वेगाने वाढले नाही. हे दुखण्याचे मूळ आहे.

यावर स्टार्टअपचा उतारा सांगितला जातो, म्हणून त्याचीही बेरीज करू. 'स्टार्टअप इंडिया' योजना जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली. पुढच्या नऊ वर्षांत सरकारने दीड लाखांहून अधिक नवउद्योगांना मान्यता दिली आणि त्यांतून सोळा लाखांहून जास्त थेट नोकऱ्या निर्माण झाल्याचे सरकारी आकडे सांगतात. ही कमाई लहान नाही आणि तिची टिंगल करण्याचे कारण नाही. पण वर उल्लेखिलेल्या अहवालानुसार देशात दरवर्षी सत्तर ते ऐंशी लाख तरुण कामाच्या बाजारात नव्याने उतरतात. नऊ वर्षांची कमाई एका वर्षाच्या गरजेच्या पाव हिश्श्यालाही पुरत नाही. दुसरीकडे पेटंटांची संख्या झपाट्याने वाढते आहे; २०२३-२४ या एका वर्षात भारतीय पेटंट कार्यालयाने एक लाखाहून अधिक पेटंटे दिली. शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय मानांकनात पेटंटांना गुण असतात, त्यामुळे महाविद्यालयांत अर्ज दाखल करण्याची अहमहमिका लागली आहे. (इथे बसलेल्या प्राचार्यांनी हे मनाला लावून घेऊ नये, गुण ठेवले की विद्यार्थी तरी दुसरे काय करतो?) आपल्या पेटंट कायद्यात एक चांगली तरतूद आहे. पेटंट मिळालेली वस्तू देशात प्रत्यक्ष बनते आणि विकली जाते की नाही, याचे विवरण पेटंटधारकाला ठरावीक काळाने द्यावे लागते. मानांकन करणाऱ्यांनी पेटंट मोजण्याऐवजी या विवरणांत 'होय' किती आहेत ते मोजले, तर बऱ्याच संस्थांचा क्रम बदलेल.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. शोध लावणाऱ्याला रोजगार मिळतो तो एकाला, फार तर दहाजणांना. शोधलेली वस्तू बनवणे, बसवणे, दुरुस्त करणे, गावोगाव पोहोचवणे आणि गिऱ्हाइकाला समजावून सांगणे यांतून रोजगार मिळतो तो हजारोंना. ही साखळी सुरू होण्यासाठी कुणीतरी पहिली वस्तू विकत घ्यावी लागते, किंवा ती विकली जाईपर्यंतचा तोटा सोसावा लागतो. आपण शोधाच्या स्पर्धा भरवतो, बक्षिसे देतो, फोटो काढतो. पण पहिल्या गिऱ्हाइकाची जोखीम कुणी घ्यायची, हा प्रश्न तसाच सोडून देतो.

आपल्याच इतिहासात याचा पुरावा आहे. शंकर आबाजी भिसे हे मुंबईत १८६७ साली जन्मलेले असामान्य प्रतिभेचे यंत्रसंशोधक. छपाईचे खिळे ओतण्याचे त्यांचे यंत्र त्या काळातल्या विलायती यंत्रांशी टक्कर देणारे होते. दादाभाई नौरोजींनी त्यांना लंडनमध्ये मदत केली, टाटांनी भांडवल दिले. बुद्धी होती, ओळख होती, काही काळ पैसाही होता. तरीही त्या यंत्राभोवती मुंबईत ओतशाळा, सुटे भाग करणारे आणि दुरुस्ती करणारे यांची वस्ती उभी राहिली नाही. भिसे अमेरिकेत गेले आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कला वारले. आपल्याकडे त्यांचे नाव 'भारताचे एडिसन' म्हणून भाषणांत उरले.

त्यांच्याहून दोनच वर्षांनी लहान असलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी जगाला अपरिचित असे काही शोधले नव्हते. लोखंडी नांगर विलायतेत होतेच. लक्ष्मणरावांनी तो इथल्या जमिनीला, इथल्या बैलांना आणि इथल्या शेतकऱ्याच्या खिशाला जमेल असा केला. तरी १९०३ च्या सुमारास तयार झालेले ते पहिले नांगर बराच काळ पडून राहिले, कारण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पुढे त्यांच्या कारखान्याला बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोडजवळचा माळ दिला आणि कर्जही दिले. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. त्या वाडीत काम मिळालेल्यांपैकी बहुतेकांकडे कसलीही पदवी नव्हती. आणखी एक गोष्ट साहित्यप्रेमींना ठाऊक असते, पण तिचा अर्थ उद्योगाच्या बाजूने क्वचित लावला जातो: १९२० साली सुरू झालेले 'किर्लोस्कर खबर' हे मासिक कारखान्याच्या पोटातून जन्माला आले. नांगर विकायचा तर शेतकऱ्याशी बोलले पाहिजे, हे त्या माळावरच्या लोकांना कळले होते. नव्या वस्तूभोवती लोहाराला काम मिळाले तसे लेखकाला, चित्रकाराला आणि छापखान्यातल्या जुळाऱ्यालाही मिळाले.

इचलकरंजीतही तेच घडले. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला आणि जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी त्या उद्योगाला पाठबळ दिले. यंत्रमाग दातारांचा शोध नव्हता. ठिबक सिंचनही जळगावचा शोध नाही. त्याचे आधुनिक रूप इस्राएलमध्ये घडले. पण जळगावच्या भवरलाल जैन यांनी ते खानदेशातल्या केळीपर्यंत आणले आणि महाराष्ट्र सरकारने १९८० च्या दशकातच ठिबकसाठी अनुदान सुरू केले. संच महाग, शेतकरी साशंक, अशा वेळी किमतीचा मोठा वाटा सरकारने उचलला. म्हणजे पहिले गिऱ्हाईक सरकारच झाले म्हणा ना! आज तालुक्याच्या बाजारपेठेत ठिबकचे दुकान, आराखडा काढणारा, नळ्या अंथरणारा आणि फिल्टर साफ करून देणारा, असे सगळे दिसतात. त्यांतल्या किती जणांच्या नावावर पेटंट असेल? एकाच्याही नसेल, आणि त्याने काही बिघडलेले नाही.

मग काय, नुसती नक्कलच करायची, मूळ संशोधन नको, असे कुणी विचारील. तसे मी म्हणत नाही. संशोधनावर आपण सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ०.६४ टक्के खर्च करतो आणि दक्षिण कोरिया त्याच्या कितीतरी पट. हा आकडा वाढलाच पाहिजे, नाहीतर आपण कायम दुसऱ्याच्या आराखड्यावर जॉबवर्क करत राहू. पण कोरियातही प्रयोगशाळेतून निघालेली वस्तू घेणारे कारखाने आणि बाजार आधी उभे होते. नुसता खर्च वाढवला, तर आपल्याकडे आणखी भिसे तयार होतील आणि तेही परदेशी जातील.

याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे आणि त्याला मी पळवाट काढणार नाही. नवे यंत्र काम देत नाही, खाते. ऊसतोडणीचे यंत्र बघा. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसे दरवर्षी कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या फडांवर जातात. त्या कामाची अवस्था, बायकांचे हाल, मुलांच्या बुडणाऱ्या शाळा हे सगळे आपल्याला माहीत आहे. ते काम तसेच चालू राहावे असे कुणाही शहाण्या माणसाला वाटणार नाही. यंत्रावर सरकारी अनुदान आहे आणि फडात ते वाढणारच. यंत्र बनवणाऱ्या कारखान्यात नव्या नोकऱ्या तयार होतात हे खरे, पण त्या बीडच्या कोयत्याला मिळत नाहीत. एकूण बेरजेत रोजगार वाढला तरी गेलेली भाकरी एकाची आणि आलेली दुसऱ्याची, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पुस्तकात तळटीप असते. माणसाच्या घरात ती सगळी गोष्ट असते. म्हणून अनुदान यंत्राच्या मालकाला देताना एक अट घालता येईल: यंत्र चालवणारा, त्याचे हायड्रॉलिक दुरुस्त करणारा आणि सुटे भाग ठेवणारा यांचे प्रशिक्षण ऊसतोड कामगारांच्या तालुक्यांतल्या आयटीआयमध्येच व्हावे, आणि त्या मुलामुलींना कामावर घेतल्यावरच अनुदानाचा शेवटचा हप्ता मिळावा. सगळ्यांना काम मिळेल असे नाही. पण आज त्यांच्या वाट्याला जे येते, म्हणजे काहीच नाही, त्यापेक्षा हे बरे.

तरुणांनाच मुळात धाडस नको, त्यांना सरकारी नोकरीच हवी, असे उद्योजक मित्र नेहमी म्हणतात. हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. ज्या समाजात मुलाला पगारी नोकरी नसेल तर स्थळ येत नाही आणि दुकान किंवा शेड असेल तर मुलीचा बाप दोनदा विचार करतो, त्या समाजातल्या तरुणाने चौथ्या खेपेला स्पर्धा परीक्षा दिली तर तो हिशेबच करत असतो. शिवाय लहान उद्योगाचे पैसे वेळेवर येत नाहीत. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल ४५ दिवसांत चुकते झाले पाहिजे. औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही शेडमध्ये जाऊन विचारा, हा नियम किती गिऱ्हाइके पाळतात. अलीकडे आयकर कायद्यातही या थकबाकीला चाप लावणारी तरतूद आली, हे चांगले झाले. बुडीत उधारीची भीती कमी झाली, तर धाडसाचा पुरवठा आपोआप वाढेल; त्यासाठी वेगळी प्रेरक व्याख्याने लागणार नाहीत.

शिक्षकांशी थोडे बोलायचे आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तो शाळेत फारसे न रमलेल्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून. वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती, पशुपालन हे सगळे एकाच मुलाने हाताने करावे आणि त्यातून विज्ञान शिकावे, ही त्यांची पद्धत. गावात जोडधंद्याला हीच बहुकौशल्याची गरज असते. पुढे अमेरिकेच्या एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची प्रयोगशाळा, आली, तीही अशा प्रयोगशाळा जगभर पसरण्याच्या कितीतरी आधी. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत अंतिम वर्षाचा प्रकल्प सादर झाला की तो कपाटात जातो. त्याऐवजी जवळच्या ग्रामपंचायतीने किंवा पाणीवापर संस्थेने मागितलेली वस्तू बनवावी, ती वर्षभर चालते की नाही ते पाहावे आणि गुण त्यानंतर द्यावेत. परीक्षा विभाग कुरकुर करील. करू द्या.

शेवटी पहिल्या गिऱ्हाइकाकडे येतो. महाराष्ट्र राज्य नावीन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या नवउद्योगांना सरकारी खात्यांत प्रयोग करण्यासाठी ठरावीक रकमेपर्यंतचे कार्यादेश दिले जातात. योजना योग्य दिशेची आहे, पण निवडलेले उद्योग मूठभर असतात आणि प्रयोगानंतरची खरेदी पुन्हा जुन्याच निविदांच्या अटींत अडकते. मला वाटते, प्रत्येक जिल्हा परिषदेने, महापालिकेने आणि बाजार समितीने आपल्या खरेदीचा एक लहान हिस्सा जिल्ह्यातल्या तरुणांनी बनवलेल्या, अजून बाजारात न रुळलेल्या वस्तूंसाठी राखावा. पाण्याची गळती ओळखणारे उपकरण, कांदाचाळीतली आर्द्रता मोजणारे यंत्र, शाळेच्या स्वच्छतागृहाची टिकाऊ फिटिंग, असल्या वस्तूंसाठी.

यावर शेवटचा आक्षेप लगेच येईल: तो हिस्सा अध्यक्षांच्या भाच्याला जाईल. काही ठिकाणी जाईलही. त्यावर उपाय म्हणून खरेदीचे अधिकार मुंबईला नेऊ नयेत. काय घेतले, कुणाकडून, किती रुपयांना आणि वर्षभरानंतर ते चालू आहे की बंद, एवढा चार रकान्यांचा तक्ता ग्रामसभेपुढे आणि संकेतस्थळावर ठेवावा. बंद पडलेली वस्तू विकणाऱ्या भाच्याला दुसऱ्या वर्षी लोकच ओळखतील. आणि चालू राहिलेल्या वस्तूचा तक्ता घेऊन तो तरुण शेजारच्या जिल्ह्यात दुसरे गिऱ्हाईक शोधायला जाऊ शकेल. या तक्त्याचा मसुदा या अधिवेशनातच तयार करावा, असे मी सुचवतो. उद्या सकाळच्या सत्रात त्यासाठी दोन तास राखून ठेवले आहेत.