सेल जोडताना

रेसिंग ड्रोन बांधणारी मुलंमुली पहिला प्रश्न विचारतात तो हा, की सेल सिरीजमध्ये जोडायचे की पॅरललमध्ये? शाळेतली आपली एकसर आणि समांतर जोडणी ती हीच. एकसर जोडले की व्होल्टेजची बेरीज होते, समांतर जोडले की क्षमतेची. पण जोडणी बदलली म्हणून सेलमधली ऊर्जा तसूभरही वाढत नाही, आणि नेमकं हेच विसरलं जातं.

पाच इंची पंख्यांचा ड्रोन घ्या. चार लिथियम-पॉलिमर सेल एकसर जोडले, प्रत्येकी ३.७ व्होल्टचे, की १४.८ व्होल्ट होतात. क्षमता १५०० मिलिअँपिअर-तास. दुसरा पॅक सहा सेलचा, २२.२ व्होल्ट, १००० मिलिअँपिअर-तास. दोन्हीकडे ऊर्जा तेवढीच, २२.२ वॉट-तास. वजनही जवळपास सारखंच. तरी शर्यतवाले सहा सेलकडे वळले, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. वळणातून बाहेर पडताना ९०० वॉट लागले, तर चार सेलच्या पॅकला सुमारे ६१ अँपिअर द्यावे लागतात, सहा सेलच्या पॅकला साधारण ४०. तारेतली उष्णता करंटच्या वर्गानुसार वाढते. म्हणजे त्याच तारेत वाया जाणारी शक्ती निम्म्याहूनही कमी झाली! मोटर मात्र बदलावी लागते. एका व्होल्टमागे मिनिटाला २६०० फेरे घेणारी काढून १७५० च्या आसपासची बसवायची. जुन्या मोटरवर सहा सेल चढवले, तर ती आणि तिचा स्पीड कंट्रोलर जळण्याचीच भीती.

एकसर जोडणीत सगळा पॅक सर्वांत कमजोर सेलच्या ताब्यात असतो. मीटरवर १४.८ दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका. तीन सेल ३.९ वर आणि एक ३.१ वर असला, तरी बेरीज १४.८ च येते. तो चौथा सेल पुढच्याच फेरीत ३ व्होल्टच्या खाली जाईल, कायमचा बिघडेल, कदाचित फुगेलही. पॅकला पांढऱ्या कनेक्टरची बारीक बॅलन्स वायर असते ती याचसाठी. तिथे प्रत्येक सेल वेगळा मोजता येतो.

समांतर जोडणी जास्त वेळ उडण्यासाठी चांगली, आणि शर्यतीनंतर बरेच पॅक एकदम चार्ज करायलाही बरेच जण ती वापरतात. तिथला धोका वेगळा. चार सेलचा एक पॅक पूर्ण भरलेला, १६.८ व्होल्टवर, दुसरा १४.८ वर. फरक २ व्होल्टचा, आणि दोन्ही पॅकचा अंतर्गत रोध मिळून ४० मिलिओहम धरला, तर जोडताक्षणी ५० अँपिअर एका पॅकमधून दुसऱ्यात धावतात. ते अडवायला मध्ये काहीही नसतं. म्हणून समांतर जोडायचे पॅक सारख्याच सेलसंख्येचे हवेत, आणि जोडण्याआधी सेलनिहाय मोजलेले हवेत. प्रत्येक सेलमागे फरक ०.१ व्होल्टच्या आत असेल तरच जोडा; नसेल तर कमी भरलेला पॅक आधी एकटा चार्जरला लावा.