पेशी वाचली, पुढे काय?



स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्व संशोधकांचे, डॉक्टरांचे, आशाताईंचे, विद्यार्थ्यांचे आणि मागच्या रांगांतल्या ज्येष्ठांचे घनसावंगीत मनापासून स्वागत. जालन्याहून येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस, ऊस आणि मोसंबीच्या बागा आपण पाहिल्या असतील. खाली दक्षिणेला गोदावरी आहे. याच तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. आयुष्यभर मनाशी बोलत राहिलेल्या आणि त्यासाठी दोनशेच्या वर श्लोक लिहिणाऱ्या माणसाच्या मातीत आपण मेंदूवर बोलायला जमलो आहोत, याचा आम्हाला आनंद आहे.

मी मोसंबीचा बागायतदार. रसायनशास्त्र शिकलो, काही वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, मग बागेत उतरलो. त्यामुळे स्वागताध्यक्षाने चार गोड शब्द बोलून खाली बसावे हा रिवाज आज मी थोडा मोडणार आहे. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. आमच्या घरातही स्मृतिभ्रंशाचे दुखणे होऊन गेले आहे.

आमच्या भागात घरातले वडीलधारे माणूस तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागले, रोजच्या पांदीत वाट चुकू लागले, की वय झाले म्हणून सोडून देतात. कुणी देवऋष्याकडे नेते. डॉक्टरकडे जाईपर्यंत दोनतीन वर्षे सहज निघून जातात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा, की साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. आणि हे प्रमाण शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. म्हणून ही परिषद तालुक्याच्या गावी होते आहे हे मला अगदी योग्य वाटते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्यातले मोहन आगाशे यांनी उभे केलेले, विस्मरणात हरवत गेलेले संस्कृतचे व्यासंगी पंडित आठवत असतील. मोठी विद्वत्ताही या आजाराला अडवू शकत नाही. मग ज्यांना शाळाच मिळाली नाही, त्या आमच्या आयाबायांचे विसरणे कुणाच्या लक्षातच येत नाही.

आता औषधांकडे वळतो. स्मृतिभ्रंशाच्या एका मोठ्या प्रकाराला ज्यांचे नाव मिळाले, त्या अलॉइस अल्झायमर यांनी ऑगस्टे नावाच्या आपल्या रुग्णाच्या मेंदूतले डाग आणि गुंते १९०६ साली जर्मनीतल्या डॉक्टरांपुढे मांडले. त्यानंतर नव्वदेक वर्षांनी डोनेपेझिल आले, पुढे रिवास्टिग्मीन आले, आणि हिमपुष्पाच्या कुळातल्या वनस्पतींतून मिळालेले गॅलँटामीन आले. ही तिन्ही औषधे मेंदूतल्या ॲसिटिलकोलीनचा ऱ्हास रोखतात. काही महिने, कधी अधिक काळ, रुग्णाला हात देतात. मरू घातलेल्या पेशीला मात्र ती वाचवत नाहीत. २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेले लेकानेमॅब त्या डागांतले अमायलॉइड प्रथिन काढून टाकते आणि आजाराची चाल मंदावते, पण थांबवत नाही. मज्जापेशी जगवणारे संयुग अजून कुणाच्या हाती लागलेले नाही. ते शोधण्याचे काम आपण करता, आणि त्यातला पहिला टप्पा आपल्या विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतही होऊ शकतो.

तो टप्पा कसा असतो हे मागच्या रांगांसाठी सांगतो. अनेक प्रयोगशाळांत एसएच-एसवाय-फाइव्ह-वाय या नावाच्या पेशी वापरतात. त्यांचे मूळ चार वर्षांच्या एका मुलीत आहे. तिला मज्जापेशींचा कर्करोग होता आणि १९७० साली तिच्या अस्थिमज्जेतून काढलेल्या पेशी अजून जगभर वाढत आहेत. या पेशींवर हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा अमायलॉइडचा मारा करायचा. पेशींच्या बशीतल्या काही कप्प्यांत आधी आपले संयुग घालून ठेवायचे. मग एमटीटी नावाचा पिवळा रंग टाकायचा. जिवंत पेशी त्याचा जांभळा करतात. जांभळा जितका गडद, तितक्या पेशी जगल्या असे धरायचे. १९८३ साली टिम मॉसमन यांनी दिलेली ही पद्धत स्वस्त आहे, सोपी आहे, आणि विद्यार्थ्याला पहिल्यांदा जांभळा रंग दिसतो तेव्हा त्याचा चेहरा फुलतो.

तिथेच सावध व्हायला हवे, असे मला कळकळीने सांगायचे आहे. फळापानांतली बरीच फ्लॅव्होनॉइड स्वतःच एमटीटीचा रंग पालटवतात, पेशी नसली तरी. म्हणून पेशी नसलेल्या कप्प्यात तेच संयुग घालून पाहिल्याशिवाय पेशी वाचल्या असे म्हणू नये. दुसरे, त्या पेशी कर्करोगाच्या, सतत विभागणाऱ्या. आजीच्या मेंदूतली मज्जापेशी तिच्या जन्मापासूनची असते, ती विभागत नाही. तिसरे, बहुतेक प्रयोगांत संयुग आधी आणि मारा नंतर. रुग्ण मात्र आपल्याकडे उशिरा येतो. अमायलॉइड साठायला सुरुवात होऊन तोवर पंधरावीस वर्षे झालेली असतात.

सोयाबीन पेरण्याआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. ती चाचणी न करता पेरणारा शेतकरी बुडतो. पण गोणपाटात सत्तर दाणे उगवले म्हणून कुणी आडत्याकडे पोत्यांचा भाव ठरवायला जात नाही. पाऊस, कीड, जमीन सगळे अजून पुढे असते. जालना तर बियाण्यांचा जिल्हा, इथे हे वेगळे समजवायला नको. औषधांचेही तसेच आहे. २००२ ते २०१२ या काळात अल्झायमरसाठी २४४ संयुगांच्या माणसांवर चाचण्या झाल्या. त्यांतले एकच, मेमँटीन, मान्यतेपर्यंत पोहोचले. आणि यांतली बहुतेक संयुगे पेशींच्या आणि उंदरांच्या परीक्षेत पास होऊनच तिथवर गेली होती.

आपल्या घरातल्या हळदीचेच पाहा. कुर्कुमिनवर शेकड्यांनी निबंध आहेत. २०१७ साली औषधी रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा कठोर आढावा घेतला, तेव्हा दिसले ते असे, की कुर्कुमिन शरीरात टिकत नाही, रक्तात फारसे पोहोचत नाही, आणि अनेक चाचण्यांत ते चाचणीलाच फसवते. हळदीवरचे आपले प्रेम मोठे आहे, माझेही आहे, पण प्रेमाने आकडा बदलत नाही.

उलट बाजूचेही एक उदाहरण आहे आणि ते मला फार मोलाचे वाटते. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांच्या गटाने अश्वगंधेच्या मुळांचा अर्क अल्झायमरसदृश उंदरांना दिला. २०१२ साली त्यांनी दाखवले की त्या उंदरांच्या वागण्यात सुधारणा झाली, आणि ती घडवणारी मुख्य हालचाल मेंदूत नव्हे, यकृतात होती. तिथे एका ग्राहक प्रथिनाचे प्रमाण वाढले आणि अमायलॉइड रक्तातून निघून जाऊ लागले. नुसत्या मज्जापेशींच्या बशीवर विसंबून राहिले असते तर ही गोष्ट कधीच दिसली नसती. बशी फसवून हो म्हणू शकते, तशीच फसवून नाहीही म्हणू शकते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुभाषचंद्रबोस चिन्नाथंबी यांच्या गटाने टाऊ प्रथिनावर केलेले काम मी विद्यार्थ्यांना मुद्दाम वाचायला सांगेन. अल्झायमरमध्ये हे प्रथिन गुंते करून बसते. कडुनिंबातील लिमोनॉइड, बायकालेइन, मेलाटोनिन अशी संयुगे त्या गुंत्यांवर काय परिणाम करतात हे त्यांनी २०१९ आणि २०२० च्या सुमारास एकेक करून तपासले. प्रत्येक संयुगाला एकच ठरीव प्रश्न विचारायचा, तो वेगवेगळ्या पद्धतींनी विचारायचा, ही त्यातली शिकण्यासारखी गोष्ट. कडुनिंब तर आपल्या प्रत्येक बांधावर आहे.

आणि बांधाच्या आत मोसंबी आहे. आंबिया बहारात फळगळ झाली की बागायतदाराचा जीव खालीवर होतो. गळलेली हिरवी फळे आम्ही खड्ड्यात पुरतो. या कोवळ्या फळांत हेस्परिडिन भरपूर असते. ते पाण्यात जेमतेम विरघळते, आतड्यातले जिवाणू त्याचे हेस्परेटिन करतात तेव्हा कुठे शरीरात शिरते. म्हणजे त्यातून काही करायचे तर रसायनशास्त्रज्ञालाच करावे लागेल. त्यातून औषध निघेल असे मी म्हणत नाही. गळलेली फळे मी पोत्याने देईन, माझे शेजारीही देतील, एवढे मात्र आज या व्यासपीठावरून सांगतो. तपासून नकार आला तर तो नकारही छापा. दुसऱ्या कुणाची तीन वर्षे वाचतील, तेही संशोधनच आहे.

पत्रकार मित्रांनाही एक विनंती. उद्याच्या बातमीत ‘मोसंबीच्या सालीने विस्मरण बरे होणार’ असे काही येऊ देऊ नका. ते वाचून कुणी चालू गोळ्या बंद करेल आणि साली उकळत बसेल. त्याऐवजी आजच्या दुपारच्या सत्रात आशाताईंसाठी स्मृतीच्या सोप्या तपासणीची माहिती आहे, ती ठळक छापा. नवी मोठी औषधनावे त्या बातमीत नसतील, पण रक्तदाब, मधुमेह आणि कमी ऐकू येणे यांवर वेळीच उपचार केले तर धोका घटतो, हे आजच्या घडीला कुठल्याही संयुगापेक्षा पक्के ज्ञान आहे.

निवासाची सोय साधी आहे, जेवण आमच्या बचतगटाच्या ताईंनी रांधले आहे, संध्याकाळी ज्यांना जांबला जायचे असेल त्यांच्यासाठी गाड्या साडेपाचला सभागृहासमोर लागतील. काही उणे पडले तर समितीच्या कुणालाही हक्काने सांगा. आपले पुन्हा एकदा स्वागत करतो आणि उद्घाटकांना दीपप्रज्वलनासाठी पुढे येण्याची विनंती करतो.