एक मजकूर, अनेक ठिकाणे



यंत्राने हिशेब करणे हे आता नवलाचे राहिलेले नाही. परंतु केलेल्या हिशेबाची नोंद कोठे ठेवावी, हा प्रश्न जुन्या दप्तराइतकाच जुना आहे. ती पडद्यावर दिसली पाहिजे, आणि फायलीतही राहिली पाहिजे. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडविलेल्या ‘सी’ भाषेत ही सोय कशी होते व तीत ठेच कोठे लागते, एवढेच आज मांडावयाचे आहे.

‘प्रिंटएफ’ एरवी पडद्यावर छापते. ‘एफप्रिंटएफ’ला ठिकाण सांगावे लागते. दोन ठिकाणी छापावयाचे तर दोन ओळी आल्या. त्या शंभर जागी लिहिण्याचा कंटाळा, म्हणून मॅक्रो. मॅक्रो म्हणजे मजकुराचा संक्षेप. कंपायलरचे भाषांतर सुरू होण्यापूर्वी त्याच्या जागी पूर्ण मजकूर घातला जातो. कितीही मूल्ये घेणारा मॅक्रो १९९९ च्या प्रमाणकाने मान्य केला. व्याख्येत तीन टिंबे दिली की झाले.

पण संक्षेपाला अक्कल नसते. समजा, ‘पावती क्रमांक एकाने वाढवून छाप’ असे आपण त्याला सांगितले. मजकूर दोनदा उतरतो, म्हणून क्रमांकही दोनदा वाढतो. पडद्यावर ४१, फायलीत ४२! उद्या तंटा झाला, तर दोन्ही नोंदी साक्षीला उभ्या राहणार. खरी कोणती म्हणावी? तसेच, ‘अमुक झाले तरच छाप’ या अटीखाली असा मॅक्रो कंसाविना ठेवला, तर अट पहिल्याच ओळीला लागते. दुसरी नेहमीच छापली जाते. त्यासाठी दोन्ही ओळी ‘डू-व्हाइल’च्या एका फेरीत बांधण्याची रीत पडली आहे.

मुख्य दोषावर उपाय कारकुनाच्या कार्बन कागदाचा आहे. मजकूर एकदाच लिहावा, प्रती हव्या तितक्या काढाव्यात. एका फंक्शनने ‘व्हीएसएनप्रिंटएफ’कडून मजकूर एकदाच तयार करून घ्यावा आणि तोच सर्व ठिकाणी पाठवावा.

मग मॅक्रो टाकूनच द्यावा काय? नाही. ज्या फायलीतून, ज्या ओळीवरून नोंद झाली, तिचा पत्ता आपोआप पुरविणे हे त्याचे खरे काम. पत्ता मॅक्रोने द्यावा, काम फंक्शनने करावे. सोय हवीच, पण सोयीपायी नोंदीचा खरेपणा जाता कामा नये, इतकेच माझे सांगणे आहे.